दुखऱ्या पाठीवर हात ठेवताना



पाड्यांवरील आमचे काम पाहायला येणारे पाहुणे कुपोषणाविषयी विचारतात, आश्रमशाळेविषयी विचारतात, पाण्याविषयी विचारतात. कंबरदुखीविषयी अजून कोणी विचारलेले नाही. पण आरोग्य शिबिराच्या दिवशी मी सकाळी नावे लिहायला बसते, तेव्हा माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा तोच शब्द लिहिला जातो. कोणाची कंबर, कोणाची मान, कोणाचा गुडघा. आणि पाठोपाठ विनंती, "ताई, डॉक्टरांना सुई द्यायला सांगा."

या दुखण्यावर आपल्याकडे पूर्वीपासून हाताचा उपचार आहे. कोणी तेल लावून चोळते, कोणी हाडवैद्याकडे जाते, कोणी पाठीवरून पाय फिरवून घेते. शहरात हेच काम फिजिओथेरपिस्ट शास्त्रीय शिक्षण घेऊन करतात आणि त्याला मॅन्युअल थेरपी म्हणतात. या हातांनी नेमके काय होते, काय होत नाही आणि कोणत्या वेळी हात लावूच नये, हे समजून घेणे आपल्यासारख्या भेटीला जाणाऱ्या, आजाऱ्यांजवळ बसणाऱ्या लोकांसाठी गरजेचे आहे. माझे शिक्षण ईश्वरविज्ञानाचे, वैद्यकाचे नाही. जे शिकले ते एका चुकीमुळे शिकले. म्हणून आधी ती चूक सांगते.

माझ्याकडून झालेली चूक

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरील एक बाई, वय पंचेचाळीसच्या आसपास, ऊसतोडीहून परत आली ती कंबर धरूनच. मी तिला मावशी म्हणते. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको गुजरातेत जायची, उन्हाळा लागला की परतायची. इतके महिने रोज वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. त्या वर्षी पाऊस पडला तरी दुखणे थांबले नाही, तेव्हा मी तिला तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेले. एक्स-रे निघाला. "मणक्यात गॅप आहे, झीज झाली आहे. वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, पट्टा वापरायचा," एवढे सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावले गेले.

परतताना जीपमध्ये मी मावशीला ते तिच्या बोलीत समजावून सांगितले. कसूर राहू नये म्हणून दोनदा सांगितले आणि जरा जोर देऊनच सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे घराच्या मेढीला वाळवी लागते तसे?"

मी म्हणाले, "तसेच काहीसे."

त्या दिवसापासून मावशी वाकायची बंद झाली. आधी हंडा सोडला, मग लाकडे, मग अंगण झाडणे. दिवसाचा बराच वेळ ती खाटेवर पट्टा बांधून पडून असे. दुखणे कमी झाले नाही, उलट पाठीतून मांडीपर्यंत पसरले. हे मला फार उशिरा कळले आणि तेही वेगळ्याच वाटेने. शाळा सोडलेल्या मुलींची यादी करत असताना मावशीच्या मुलीचे नाव समोर आले. सहावीतली मुलगी सुट्टीला घरी आली होती, ती परत आश्रमशाळेत गेलीच नाही. पाणी कोणीतरी भरायला हवे होते.

पुढच्या शिबिराला फिजिओथेरपिस्ट असलेल्या एक भगिनी शहरातून आल्या होत्या. त्यांना मी मावशीकडे घेऊन गेले. त्यांनी पाऊण तास तपासले, फिल्म पाहिली आणि मला बाजूला घेऊन विचारले, "हिला वाळवीचे कोणी सांगितले?" पुढे काय झाले ते शेवटी सांगते. मधल्या काळात त्यांनी मला जे वाचायला लावले आणि समजावले, ते आधी मांडते.

वेदनेचे काम राखणीचे

डॉ. पॉल ब्रँड हे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात, आदिवासींमध्ये सेवा करणाऱ्या मिशनरी आई-वडिलांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शल्यचिकित्सक म्हणून आले. कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून गळतात, असा त्या काळी समज होता. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले तेव्हा वेगळेच दिसले. रोगामुळे नसा बधिर होतात, त्यामुळे माणसाला चटका कळत नाही, काटा कळत नाही, घट्ट चप्पल कळत नाही. जखमेवर जखम होत राहते आणि बोटे त्या जखमांनी जातात. पुढे अमेरिकेत त्यांनी बधिर हातापायांसाठी वेदनेची सूचना देणारे यंत्र बनवण्याचा प्रयत्न केला. दाब वाढला की ते आवाज करी. पण रुग्ण त्या आवाजाकडे दुर्लक्ष करत. खरी वेदना दुर्लक्ष करू देत नाही, आणि तोच तिचा उपयोग आहे हे ब्रँड यांनी आयुष्यभर सांगितले.

म्हणजे वेदना ही शरीराची राखण आहे. शेताच्या माळ्यावर बसलेल्या राखणदाराने डुक्कर आले की हाळी द्यावी, तशी. प्रश्न असा, की राखणदार ओरडला म्हणजे दर वेळी डुक्कर आलेले असतेच का?

१९९५ साली ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका बांधकाम कामगाराची हकिकत छापून आली. तो १५ सेंटिमीटर लांबीच्या खिळ्यावर उडी मारून पडला. खिळा बूट फोडून वरून बाहेर आला. वेदना इतकी, की खिळा जरा हलला तरी तो कळवळे. तीव्र गुंगीचे औषध द्यावे लागले. बूट कापून काढला तेव्हा दिसले, की खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता. पायाला ओरखडाही नव्हता. त्याची वेदना मात्र पूर्ण खरी होती. याच्या उलट उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले. हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांनी रणांगणावर गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना वेदनाशामक हवे का, असे विचारले. सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांनी नको म्हटले. जखमा मोठ्या होत्या, पण जीव वाचला, आता घरी जाणार, हे त्यांना कळले होते.

यावरून संशोधक काय सांगतात? इजा आणि वेदना या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत, पण एकाच मापाच्या नाहीत. नसा मेंदूकडे धोक्याची खबर नेतात. किती वेदना व्हावी हे मेंदू ठरवतो, आणि ठरवताना झोप, काळजी, भीती, पूर्वीचा अनुभव, लोकांनी सांगितलेले शब्द हे सगळे विचारात घेतो. वेदनेच्या अभ्यासकांच्या जागतिक संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तीतही वेदना हा शारीरिक तसाच भावनिक अनुभव आहे असे म्हटले आहे. दुखणे तीन महिन्यांपेक्षा जास्त रेंगाळले तर नसा आणि मेंदू अधिकच हळवे होऊ शकतात. मग राखणदार उंदराच्या खसफसीलाही डुक्कर समजून ओरडतो. याचा अर्थ वेदना खोटी किंवा मनाची असा मुळीच नाही. माणसाला खरेच दुखत असते. फक्त तेवढ्यावरून आत काही मोडत चालले आहे असे म्हणता येत नाही.

फिल्ममधला गॅप

"मणक्यात गॅप आहे", "गादी सरकली आहे", "नस दबली आहे" ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. कधी ती खरी असतातही. गादी सरकून नस दाबली जाते, पायात मुंग्या येतात, शक्ती कमी होते, हे घडते. पण फिल्ममध्ये दिसणारी प्रत्येक झीज दुखण्याचे कारण नसते.

२०१५ साली काही संशोधकांनी एक मोठी गोळाबेरीज प्रसिद्ध केली. ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती अशा ३,११० लोकांच्या सीटी स्कॅन आणि एमआरआय तपासण्या त्यांनी ३३ अभ्यासांतून एकत्र केल्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गाद्यांची झीज दिसली. चाळिशीत ६८ टक्के, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६ टक्के. गादी थोडी फुगलेली दिसण्याचे प्रमाण चाळिशीत ५० टक्के होते. पुन्हा सांगते, यांपैकी कोणाचीही पाठ दुखत नव्हती. केस पांढरे होतात, कातडीला सुरकुत्या पडतात, तशीच ही आतली सुरकुती आहे.

पंचेचाळीस वर्षांच्या मावशीच्या फिल्ममध्ये झीज दिसली नसती तरच नवल. ती झीज मी तिला वाळवी म्हणून सांगितली. वाळवी लागलेल्या मेढीवर कोणी भार टाकत नाही. तिने जे केले ते माझ्या शब्दांप्रमाणे अगदी शहाणपणाचे होते.

आणि पडून राहणे? हेलसिंकी शहराच्या १८६ नोकरदारांवर केलेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. नुकतीच कंबर धरलेल्या या लोकांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस अंथरुणात विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, तिसऱ्याला सांगितले की झेपेल तेवढी रोजची कामे करत राहा. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला आणि अंथरुणात पडलेला गट सर्वांत उशिरा.

हातांनी नेमके काय होते

आता हाताच्या उपचाराकडे येऊ. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीवर पाय लावून घेण्याची आपल्याकडची जुनी चाल वाचकांना आठवत असेल. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. अनेकांना त्याने गुण आल्याचे सांगितले जाते, आणि ते खोटे बोलत नाहीत. अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप उतरणीला लागते. मधल्या काळात ज्याने पाय लावला, त्याला श्रेय मिळते.

पाश्चात्त्य देशांतही असेच झाले. अमेरिकेत १८७४ साली अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ऑस्टिओपॅथी सुरू केली. त्यांचे वडील मेथडिस्ट पाळक होते आणि शॉनी आदिवासींमध्ये सेवा करत. मेंदूज्वराने आपली मुले दगावल्यावर स्टिल यांचा त्या काळच्या औषधांवरचा विश्वास उडाला होता. १८९५ साली डॅनियल पामर यांनी कायरोप्रॅक्टिक ही पद्धत सुरू केली. मणका जागेवरून सरकतो आणि तो हाताने जागेवर बसवला की आजार जातो, असे त्यांचे म्हणणे होते. "हाड बसवले", "मणका जागेवर आणला" ही आपल्याकडची भाषाही तीच आहे.

हे खरे आहे का, ते स्वीडनमधील संशोधकांनी १९९८ साली तपासले. दहा रुग्णांच्या कमरेच्या आणि माकडहाडाजवळच्या हाडांत धातूचे बारीक मणी बसवून, उपचाराच्या आधी आणि नंतर अतिशय अचूक एक्स-रे मोजमापे घेतली. उपचार करणाऱ्यांच्या हाताला सांधा सुधारल्याचे जाणवले, त्यांच्या तपासण्याही आता ठीक आल्या. मोजमापात मात्र हाड जागचे हललेले नव्हते. आणि तो कट्कन येणारा आवाज? कॅनडातील संशोधकांनी २०१५ साली बोटाचा सांधा ओढताना त्याचे एमआरआय चित्रण केले. सांध्यातील द्रवात एकदम पोकळी तयार होते, त्याच क्षणी आवाज येतो. हाड बसल्याचा तो आवाज नाही.

मग बरे का वाटते? याला चांगली उत्तरे आहेत. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडले, की मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. स्पर्शाची खबर आत आली की वेदनेच्या खबरीला वाट अरुंद होते. मूल पडले की आई आधी ती जागा चोळते, ते याच फाटकावर हात ठेवणे आहे. त्या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, पण गाभा टिकला. त्यानंतर स्वीडनमधील अभ्यासकांना माणसाच्या केसाळ त्वचेत एक वेगळी नस सापडली. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर अशा हळू गतीने हात फिरवला की ती सर्वांत जास्त जागी होते. आई बाळाला थोपटून झाल्यावर ज्या गतीने पाठीवर हात फिरवते, तीच ही गती. कुष्ठरोग्याला आधी हात लावणाऱ्या प्रभूची गोष्ट आपण मंडळीत किती वेळा ऐकली आहे. शरीरात या स्पर्शासाठी स्वतंत्र वाट आहे हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले.

तापलेल्या सळीने डाग देणे किंवा बिब्बा घालणे, यांनीही काहींना थोडा वेळ बरे वाटते. त्याचेही कारण आहे. एका जागी जोराची वेदना दिली की दुसरीकडची वेदना काही काळ दबते, हे फ्रेंच संशोधकांनी १९७९ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवले होते. पण त्या काही काळासाठी भाजल्याची जखम, पू आणि कायमचा व्रण पदरात येतो. लहान मुलाच्या जिवावरही बेतू शकते. म्हणून डाग देणाऱ्या आजीला आपण मूर्ख म्हणू नये, पण डाग थांबवायचाच.

कॅनडातील आणखी एक अभ्यास मला सर्वांत जवळचा वाटतो. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. जुन्या कंबरदुखीचे ११७ रुग्ण घेतले. काहींना विजेच्या सौम्य प्रवाहाचा खरा उपचार दिला, काहींना तेच यंत्र बंद ठेवून लावले. दोन्ही गटांत निम्म्यांशी फिजिओथेरपिस्टने जुजबी बोलून, यंत्र लावून खोली सोडली. उरलेल्यांजवळ ती बसून राहिली, त्यांचे ऐकले, विचारपूस केली, धीर दिला. सर्वांत जास्त आराम पडला तो चालू यंत्र आणि आपुलकी दोन्ही मिळालेल्यांना. पण दुसऱ्या क्रमांकावर होते बंद यंत्र आणि आपुलकी मिळालेले. चालू यंत्र लावून एकटे सोडलेले त्यांच्या मागे राहिले.

जागतिक सल्ला काय आहे

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, म्हणजे तेरा जणांमागे एकाला. मार्गदर्शिकेने ज्यांची शिफारस केली त्यांत दुखण्याविषयी नीट समजावून सांगणे, आखून दिलेले व्यायाम, मालिश आणि मणक्यांवरचे हस्तोपचार आहेत. ज्यांची नेहमीसाठी शिफारस केली नाही त्यांत कमरेचा पट्टा, वजन लावून ओढणे आणि अफूवर्गातील वेदनाशामके आहेत. मावशीचा पट्टा त्याच यादीत होता.

हस्तोपचार यादीत आहेत, पण त्यांच्या मर्यादेसह. २०१९ साली ४७ प्रयोगांतील ९,२११ रुग्णांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. मणक्यांवरचे हस्तोपचार जुन्या कंबरदुखीत व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांइतकेच उपयोगी ठरले, फारसे जास्त नाही. म्हणून जाणकार फिजिओथेरपिस्ट हाताने आराम देतात आणि त्या आरामाच्या काळात रुग्णाला हालचाल करायला लावतात. आठवड्याला पैसे भरून नुसता मणका बसवून घेत राहावे लागले, तर तो उपचार रुग्णाला पांगळा करतो.

चालण्यानेही फायदा होतो. २०२४ साली ऑस्ट्रेलियातील ७०१ लोकांवरील अभ्यासात, कंबरदुखीतून बऱ्या झालेल्यांनी टप्प्याटप्प्याने चालणे वाढवले, तेव्हा दुखणे उलटण्याआधीचा काळ ११२ दिवसांवरून २०८ दिवसांवर गेला. पण हा सल्ला पाड्यावर तसाच नेऊन चालणार नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला चालायला सांगणे ठीक. डोंगर चढून तीन खेपा पाणी आणणाऱ्या बाईला चालायला सांगितले, तर ती तोंडावर पदर घेऊन हसेल. तिला हवा असतो दोन खेपांमधला विसावा, लहान हंडा, पुरेशी झोप, पोटभर अन्न आणि घरातील पुरुषाने उचललेली एखादी खेप.

हात लावू नये तेव्हा

आतापर्यंत धीराच्या गोष्टी सांगितल्या. आता सावधपणाच्या. पुढील खुणा दिसल्या तर चोळणे, दाबणे, ओढणे सगळे बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात न्यावे.

ताप, वजन घटणे, रात्री घाम, जुना खोकला आणि पाठीत एकाच जागी दुखणे किंवा कुबड येणे. हा मणक्याचा क्षयरोग असू शकतो. औषधांनी तो बरा होतो. पण तो चोळत बसलो तर पाय कायमचे जाऊ शकतात.

पायातली शक्ती कमी होणे, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे. यात तास मोजायचे असतात, दिवस नाही.

पडल्यानंतर किंवा अपघातानंतरचे दुखणे; म्हाताऱ्या माणसाला एकाएकी उठलेली कळ; पूर्वी कर्करोग झालेल्याचे नवे दुखणे; सांधा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप.

लहान मुलाची हाडे दुखणे. आदिवासी भागात येथे सिकलसेल आधी आठवावा. भारतात हा आजार प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला. १ जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि रक्ताची तपासणी केली जाते. या आजारात रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि हाडांत असह्य कळा येतात. खुब्याचे हाडही मरू शकते. त्या मुलाला चोळायला हाडवैद्य नको. पाणी, ऊब आणि दवाखाना हवा.

आणि एक शहरातल्या वाचकांसाठी. केस कापून झाल्यावर मान कट्कन मोडून घेण्याची सवय सोडा. मानेला असा झटका दिल्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. क्वचित होते, पण झाले तर पक्षाघात होतो.

भेटीला जाताना

आपल्या मंडळीतही प्रत्येक घरात कोणी ना कोणी दुखणे घेऊन बसलेले असते. त्यांच्याकडे जाताना मी आता काही गोष्टी पाळते. आधी ऐकते. वरच्या खुणांपैकी काही आहे का ते विचारते. खुणा नसतील तर "झिजले", "सरकले", "आता आयुष्यभर जपा" हे शब्द तोंडातून काढत नाही. "दुखते आहे हे खरे आहे, पण पाठ मजबूत असते, हळूहळू हलती ठेवू या," असे म्हणते. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने चालू आहेत का ते पाहते, कारण त्यांनी पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडाला इजा होते.

हात ठेवून प्रार्थना करते. पण दुखणे राहिले म्हणजे विश्वास कमी पडला, असे कोणाला म्हणत नाही आणि दुसऱ्या कोणी म्हटले तर तेथेच थांबवते. भीती आणि अपराधीपणा यांनी वेदना वाढते, हे आता आपल्याला ठाऊक आहे. दुखणाऱ्याच्या ओझ्यावर आपण आणखी ओझे ठेवायचे नाही.

आता मावशीविषयी. त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट भगिनींनी तिला पालथे झोपवून पाठ हळूहळू दाबली, सैल केली. मग उभे करून सांगितले, "मावशी, खाली पडलेली ती काडी उचल." मावशीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "मावशी, वाळवीचे मी चुकीचे सांगितले. तुझ्या मेढीला वाळवी नाही. सागाचा जुना खांब आहे, वरून थोडा तडकलेला." ती अर्धी वाकली, थांबली, आणि मग काडी उचलली. मी तेव्हा तिची माफी मागितली.

पहिल्या आठवड्यात रिकामी कळशी, मग पाव भरलेली, मग अर्धी. मधे दोनदा दुखणे उसळले. दोन्ही वेळा भगिनींनी फोनवर समजावले, की हे उसळणे म्हणजे मोडणे नव्हे. दोन दिवस कमी करा, बंद करू नका. पट्टा तिने कोंबड्यांच्या खुराड्याचे दार बांधायला वापरला. चार महिन्यांनी ती पाणी भरू लागली. एक खेप आता नवरा आणतो. त्याच्याशी बोलायला आमचे पाळक गेले होते.

दुखणे पूर्ण गेलेले नाही. भातलावणीच्या दिवसांत रात्री कंबर ठणकते, तेव्हा मुलगी तेल लावून पाठीवर हात फिरवते. फक्त सुट्टीतच. बाकीचे महिने ती आश्रमशाळेत असते. एक वर्ष मागे पडली, यंदा आठवीत आहे. ते गेलेले वर्ष माझ्या नावावर आहे, आणि म्हणून हा लेख लिहिला.